आमच्या घरातले अहो

आमच्या घरात ‘अहो’ म्हणवून घेण्याचा मान फक्त कुत्र्याला आहे.

नवऱ्याला नाही. नवऱ्याला मी सुमित म्हणते, डोकं फिरलं की सुम्या म्हणते. त्याचे वडील, म्हणजे आमचे नाना, त्याला ‘ए लेका’ म्हणतात. नाना सगळ्या जगालाच अरे-तुरे करतात. सोसायटीचे चेअरमन देवरेकाका चांगले सत्तरीचे, निवृत्त इंजिनियर, पण लिफ्टमध्ये भेटले की ‘काय रे चेअरमन, गुडघा काय म्हणतो?’ इंजेक्शन देणाऱ्या डॉक्टरांना ‘हळू टोच रे’. आणि रस्त्यावरून उचलून आणलेल्या, एक कान फाटलेल्या आमच्या तपकिरी गावठी कुत्र्याला मात्र, ‘अहो, ऐकलं का, जरा बाजूला सरता का? दार उघडायचं हे.’

मी घरून काम करते. म्हणजे बेडरूमच्या कोपऱ्यात लॅपटॉप मांडून दिवसभर पुण्याच्या लोकांना ‘माझा आवाज येतोय का’ असं विचारते. एकदा माइक बंद करायचा राहिला आणि बाहेरून नानांचा आवाज सगळ्या मीटिंगला ऐकू गेला. ‘अहो, ऐकलं का, आज घट्ट झाली का? काल लय पातळ होती तुमची.’ मग माझा बॉस अगदी हळुवारपणे म्हणाला, ‘केतकी, मिस्टरांना बरं नाहीये का? सुट्टी घे हवं तर.’ मी घेतली. आयती मिळालेली सुट्टी सोडायला मी काही खुळी नाही.

नाना लासलगावचे. बाजार समितीत कांद्याचे लिलाव पुकारण्यात त्यांचं आयुष्य गेलं. ट्रॅक्टरच्या रांगेतून चालत, व्यापाऱ्यांच्या घोळक्यात उभं राहून ते भाव पुकारायचे, तेव्हा म्हणे शेवटच्या ट्रॅक्टरवर झोपलेला माणूस उठून बसायचा. त्या पुकारण्यानंच त्यांचा गळा कामातून गेला. आता आवाज घोगरा झालाय, आणि ओरडायला गेलं तर नुसती हवा येते. गळा गेला तरी कांदा मात्र डोक्यातून गेला नाही. त्यांच्या लेखी माणसं दोनच प्रकारची, लाल आणि उन्हाळ. लाल कांदा दिसायला तोऱ्यात, पण आठ दिवसांत कुजणार. उन्हाळ कांदा चाळीत भरून ठेवला तरी महिनोन् महिने टिकणार. मला बघायला आले तेव्हा नानांनी चहा संपवला, माझ्याकडे एकदा नीट बघितलं आणि माझ्या वडिलांसमोर निकाल दिला, ‘उन्हाळ हे. घेऊन टाकू.’ माझ्या आईला काही कळलं नाही. तिला वाटलं मुलीला उष्णतेचा त्रास आहे की काय असं विचारतायत. स्वतःच्या मुलाला ते आजतागायत लाल म्हणतात, आणि खरं सांगायचं तर त्यांचं काही चुकत नाही.

आमच्या लग्नानंतर वर्षभरात सासूबाई गेल्या. नाना लासलगावच्या घरात एकटे राहिले. सकाळी भात लावायचे आणि तोच रात्री खायचे. शेवटी सुमित जाऊन त्यांना इकडे गंगापूर रोडला आमच्या फ्लॅटवर घेऊन आला. येताना त्यांनी कपड्यांची एक पिशवी आणली आणि कांद्याचं एक पोतं. पोतं गॅलरीत ठेवलं आणि स्वतः त्याच्याशेजारी खुर्ची टाकून बसले. बोलायचे नाहीत. विचारलं तर ‘हं’, नाही विचारलं तर तेही नाही. मी आणि सुमित स्वयंपाकघरात कुजबुजायचो की यांना इथे आणून चूक तर केली नाही ना.

दिवाळीच्या तोंडावर आम्ही कुत्रा आणला. नानांना विचारलं नव्हतं, म्हणून मला धाकधूक होती. नाव ठेवलं कोको. नाना पहिल्यांदाच धड एक वाक्य बोलले. ‘कोको काय? कोंबडीला बोलावतीस का?’ त्या रात्री कुत्रा त्यांच्या खुर्चीखाली जाऊन झोपला आणि सकाळी मला गॅलरीतून ऐकू आलं, ‘अहो, ऐकलं का, उठा. चहाची वेळ झाली.’ मी दाराशी उभी राहून ऐकतच राहिले. मला वाटलं थट्टा चाललीय, दोन दिवसांत थांबेल.

कसली थांबते. कुत्रा कोको या नावाला जुमानेना. आम्ही एक ट्रेनर लावला. टी-शर्टवर कुत्र्याचं चित्र असलेला, अंगापिंडानं मजबूत तरुण. तो ‘सिट, सिट’ करून घामाघूम झाला. कोको त्याच्याकडे असा बघत होता की जणू हाच काहीतरी विसरलाय. नाना पेपर वाचत होते. मान वर न करता म्हणाले, ‘अहो, बसा.’ कोको बसला. ट्रेनर पुन्हा आला नाही.

मग वेगळेच घोटाळे सुरू झाले. आमच्या इमारतीत ‘अहो’ म्हणणाऱ्या बायका काही कमी नाहीत. तळमजल्यावरच्या शिंदेकाकूंनी ‘अहो, जेवायला चला’ अशी हाक दिली की काकांच्या आधी कोको हजर. काकू अंगानं मोठ्या आणि मनानंही, त्यामुळे त्याला पोळीही मिळायची. शिंदेकाका एकदा मला जिन्यात अडवून म्हणाले, ‘केतकी, आमच्याकडे आता अहो दोन झालेत, आणि गरम पोळी दुसऱ्याला मिळते.’ माझी आई पंचवटीहून आली की डोक्याला हात लावायची. ‘जावयाला सुम्या आणि कुत्र्याला अहो? लोक काय म्हणतील?’ लोक काय म्हणत होते ते मी तिला सांगितलं नाही.

तर हे असं चाललं असताना यंदा पोळा आला.

लासलगावला असताना नानांची बैलजोडी होती. ती विकल्यालाही जमाना झाला, पण पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी केल्याशिवाय त्यांना चैन पडेना. खांदेमळणी म्हणजे वर्षभर जू वाहिलेल्या बैलांच्या खांद्यांना हळद-तूप चोळायचं. आमच्या घरात जू वाहणारं कुणी नव्हतं. सुमित म्हणाला, ‘नाना, होमलोनचं जू मी वाहतोय, माझे खांदे चोळा.’ नानांनी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं आणि कोकोला पुढ्यात घेतलं. ‘अहो, ऐकलं का, वर्षभर आमचं लय ओझं वाहिलंत.’ मी हसले. कोकोनं वर्षभरात माझ्या दोन चपला सोडून काहीही वाहिलं नव्हतं. मग हळद-तुपानं माखलेला तो कुत्रा सोफ्यावर जाऊन लोळला. आमचा सोफा आता एका बाजूनं कायमचा पिवळा आहे.

दुसऱ्या दिवशी खाली पार्किंगमध्ये सोहळा. अंगावर लाल झूल, गळ्यात जुनी घुंगुरमाळ, शिंगं नाहीत म्हणून कानांना बेगड. फाटक्या कानाला नानांनी जरा जास्त लावली. मी पुरणपोळीचं ताट आणलं, ओवाळलं. शिंदेकाकू, देवरेकाका, सगळे जमले. ‘मुक्या जनावराचा सण आहे,’ असं देवरेकाका गंभीरपणे म्हणाले. कोकोनं त्याच क्षणी भुंकून ते खोटं ठरवलं आणि नैवेद्याची अख्खी पोळी गिळली. नाना खूश होते. त्यांना इतकं खूश मी आमच्या लग्नातसुद्धा बघितलं नव्हतं.

आणि मागच्या मैदानात ढोल सुरू झाले.

गणपती तोंडावर आले की आमच्याकडे संध्याकाळी ढोलपथकांचा सराव असतो. रोज लांबून ऐकू येतो, त्या दिवशी पोरं मैदानाच्या आमच्याकडच्या टोकाला उभी होती. पहिला ठोका पडला आणि कोको उडालाच. नानांच्या हातातली दोरी सुटली, आणि झूल, बेगड, घुंगरं घेऊन तो फाटकातून जो पळाला तो दिसेनासा झाला. रस्त्यावर ऐन संध्याकाळची गर्दी. नाना स्वतःच्या रिकाम्या हाताकडे बघत उभे राहिले. ‘गेले,’ एवढंच म्हणाले. ते ज्या आवाजात म्हणाले तो मी आधी एकदाच ऐकला होता, लासलगावच्या सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात.

सुमित स्कूटर घेऊन नदीच्या बाजूला गेला. मी आणि नाना पायी दुसऱ्या बाजूला. ‘कुत्रा बघितला का?’ असं मी पाणीपुरीवाल्याला विचारलं. ‘कसा आहे?’ ‘लाल झूल, गळ्यात घुंगरं, कानाला बेगड.’ तो म्हणाला, ‘ताई, तो बैल असंल.’ मी ‘कोको, कोको’ करत दोन गल्ल्या पालथ्या घातल्या. काही उपयोग नाही. नानांचा गळा तर ओरडायच्या कामाचा नव्हता. म्हणजे आता एकच मार्ग राहिला होता, आणि तो मलाच धरावा लागणार होता.

जिनं सख्ख्या नवऱ्याला कधी अहो म्हटलं नाही, त्या मी भर रस्त्यात तोंड वर करून ‘अहो, अहो’ अशा हाका मारल्या. वरच्या गॅलऱ्यांमधून चार नवरे डोकावले. एकजण बनियनवर होता, तोंडात ब्रश, संध्याकाळी का ते देव जाणे. एक भाजीची पिशवी घेऊन चाललेले गृहस्थ थांबले आणि घाबरून म्हणाले, ‘काय राहिलं आणायचं?’ दुसरा प्रसंग असता तर मी तिथंच हसत बसले असते. पण नाना माझ्या मागे फरफटत चालत होते, आणि अंधारून यायला लागलं होतं, आणि मला रडू येत होतं. कुत्रा सापडला नाही तर हा माणूस पुन्हा गॅलरीत पोत्याशेजारी जाऊन बसणार, आणि ह्या वेळी उठणार नाही, हे मला स्पष्ट दिसत होतं.

झाडांच्या एका नर्सरीपाशी नानांनी माझा दंड धरला. ‘नुसतं अहो नको,’ ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. ‘लांबून त्यांना तसं कळत नाय. अहो, ऐकलं का, असं पुरं म्हण. अहो जरा लांबव. आणि शेवट वर ने.’

मी डोळे पुसले, श्वास घेतला आणि हाक मारली. ‘अहोऽऽ, ऐकलं काऽ?’ शेवट वर नेला. तो वर जाता जाता माझ्याच कानांना ओळखीचा वाटला. लासलगावच्या घराच्या मागच्या दारातून, हात पदराला पुसत, सासूबाई अशीच हाक मारायच्या. अगदी अशीच. नवऱ्याचं नाव त्यांनी हळदीकुंकवाच्या उखाण्याखेरीज कधी घेतलं नाही.

आणि माझ्या मागून कुणीतरी म्हणालं, ‘ओ.’

मी वळले. नाना उभे होते. त्यांच्या तोंडून ते निघून गेलं होतं आणि आता ते परत घेता येत नव्हतं. माझ्याकडे न बघता ते कुंड्यांच्या रांगेकडे बघायला लागले. तेवढ्यात त्या कुंड्यांमागे घुंगरं वाजली. चिखलानं भरलेली झूल ओढत, एका कानाची बेगड हरवलेला कोको बाहेर आला आणि नानांच्या पायांवर जाऊन बसला. नाना खाली वाकले. बराच वेळ वाकूनच राहिले. ‘अहो, असं न सांगता जातात का,’ म्हणाले.

सुमितला फोन करून आम्ही घरी निघालो. दोरी नानांच्या हाताला दोन वेढे. मी गप्प राहायला हवं होतं, पण माझ्याच्यानं राहवलं नाही. म्हटलं, ‘नाना, तुम्ही ओ दिलीत.’

‘दिली असंल.’

थोडं चाललो. मग तेच म्हणाले, ‘तुमचं काही चुकत नाय. तू त्याला सुमित म्हणती, तो तुला केतकी म्हणतो, चांगलं हे. मला दोघंबी नाना. पण तो शब्दच घरात राहिला नाय ना. ती गेली तिच्यासंगं तोबी गेला. मग हे आले. म्हटलं, मला कोणी म्हणत नाय तर नाय, आपणच म्हणू. कानावर तरी पडतो.’ एवढं बोलल्यावर त्यांना ठसका लागला. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाला. एरवी मी ‘नाना, चहा’ म्हणून कप टेबलावर आपटते आणि लॅपटॉपकडे पळते. त्या दिवशी ओट्यापाशीच उभी राहिले आणि हाक मारली. ‘अहो नानाऽ, ऐकलं काऽ? चहा झालाय.’

कोको शेपटी हलवत धावत आला आणि दारातच आडवा बसला. मागून नाना आले. माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे बघितलं. चष्मा काढून सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला.

‘अहो, ऐकलं का,’ ते कोकोला म्हणाले, ‘जरा बाजूला सरा. ही हाक माझी होती.’