चटणी अंदमानला गेली त्याची गोष्ट

एकेकाळी मी शेंगाची चटणी आगबोटीतून अंदमानला नेली आणि एका गृहस्थांच्या हातात देऊन सांगितलं, "तुमच्या मंडळींनी पाठवलीय." त्यांच्या मंडळींनी काहीही पाठवलेलं नव्हतं. शेंगा माझ्या, लसूण माझा, अक्कलही माझीच.

परवा नात म्हणाली, "आजी, आम्ही अंदमानला चाललोय, काय काय बघू?" मी म्हटलं, बघ बाई काय हवं ते, फक्त जाताना कुणाच्या घरी काही नेऊ नकोस. ती हसली. तिला चंद्राक्का ठाऊक नाही.

चंद्राक्का सोलापुरात साखर पेठेत आमच्या भिंतीला भिंत लावून राहायची. माहेर अक्कलकोटकडचं, त्यामुळे दर दोन वाक्यांमागे एक 'अय्यो'. मी वैरागहून लग्न होऊन आले तेव्हा दुष्काळाचं साल होतं. सार्वजनिक नळावर घागरींची रांग कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत जायची, आणि त्या रांगेत उभी राहून ही बाई समुद्राच्या गोष्टी सांगायची. गोष्टी तरी कसल्या, सूचनाच. "वंडूरला जायचं तर वहोटीला जा. भरतीला काय दिसतंय? वहोटीला पायाखाली पवळ्याचं रान असतंय." नळाला करंगळीएवढी धार, त्यात पुढची बाई दोन घागरी जास्त भरतेय म्हणून मागे भांडण पेटलेलं, आणि ही सांगतेय की रॉस बेटावर सायबाच्या बंगल्यांत आता झाडं राहायला आलीत, मुळ्या खिडकीतून आत शिरल्यात, लई बघण्यासारखं हाय. तोवर कोण कुठे निघालं होतं? आमच्या आळीतली निम्मी माणसं तुळजापूरच्या पुढे गेलेली नव्हती. पण चिडिया टापूला सूर्यास्त बघायचा तर चहा आधी पिऊन घ्यावा, कारण तिथे पाचलाच दिवस मावळतो, हे आळीतल्या शेंबड्या पोरालाही पाठ होतं.

सिद्धेश्वराच्या तळ्याला ती तळं म्हणत नसे. "ती परात," म्हणायची.

या सगळ्याचं कारण आळीला माहीत होतं. तिचे यजमान पोर्ट ब्लेअरला बांधकाम खात्यात ओव्हरसियर. लग्नानंतर दोन वर्षं ती तिथे त्यांच्याबरोबर राहिली. मग इकडे सासूला अर्धांगवायू झाला, सेवेला म्हणून हिला पाठवलं. सासू गेली, पण हिला परत न्यायला कुणी आलं नाही. पुढे कळलं की तिथल्या चुलीवर दुसरीच बाई भाकरी करते. त्या दिवसापासून अक्काने नवऱ्याला ना पत्र टाकलं, ना निरोप धाडला. रडली नाही, भांडली नाही, कपाळाचं कुंकू मात्र आधीपेक्षा मोठं लावायला लागली. तेवढा अबोला तिच्या मालकीचा होता, आणि तो तिने नीट सांभाळला होता. "मालक कधी येणार?" असं कुणी विचारायच्या आत ती विचारणाऱ्याला बोलता बोलता कॉर्बिन कोव्हच्या किनाऱ्यावर नारळांखाली नेऊन सोडायची.

पुढे दोन-चार वर्षांनी आमच्या ह्यांना सरकारी प्रवास सवलत मिळाली. मी हट्ट धरला, अंदमानच. अक्काची थाप पकडायची, हा एक हेतू. दुसरा हेतू जास्त उदात्त होता. तेव्हा माझं वय असं की जगातले सगळे संसार माझ्यावाचून अडलेत, अशी माझी खात्री होती.

अक्काने भिंतीवरून तिची सगळी बेटं पुन्हा एकदा सांगितली. मी मुद्दाम विचारलं, "अक्का, तिकडं काही द्यायचंय?" ती म्हणाली, "डोक्याला पदर घे, ऊन लागतंय तिथलं." आणि आत गेली. सोलापूरचं माणूस परगावी निघालं की चटणी आणि कडक भाकरी बरोबर जाणारच. मी ठरवलं, बिचारीला लाज वाटत असेल. बसले उखळात शेंगा कुटत.

मद्रासपर्यंत मेल, पुढे आगबोट. आमच्या ह्यांनी सगळा बंगालचा उपसागर बादलीत तोंड घालून पाहिला. उतरल्यावर मात्र थाप काही सापडेना. वंडूरला ओहोटीला गेलो, पायाखाली खरंच पोवळ्यांचं रान. रॉसला बंगल्यांना मुळ्यांनी तसंच कवटाळलेलं. चिडिया टापूला पाचला दिवस मावळला, आणि चहा राहिला.

शेवटच्या दिवशी ओव्हरसियरांचं घर शोधलं. टक्कल पडलेला, मवाळ माणूस. दारात रांचीकडची एक बाई, तिच्या पदराला दोन मुली. मी पुडकं पुढे केलं आणि ते वाक्य बोलले. त्यांनी ते मांडीवर घेतलं. "तिनं पाठवलं?"

"व्हय की," मी म्हटलं. "तुमची फार आठवण काढतात."

त्या बाईने भाकरी मोडून आधी मुलींना दिली, मग त्यांना. त्यांनी चटणीचा घास घेतला, चावता चावता थांबले आणि पुन्हा एक चिमूट जिभेवर ठेवली. मला वाटलं, झालं काम. परतीच्या बोटीत मी ह्यांना सांगत होते की बायकांना जे जमतं ते कोर्टाला जमत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात एक टांगा आळीत शिरला. त्यातून ओव्हरसियर उतरले, ती बाई उतरली, दोन मुली, एक ट्रंक आणि पोतंभर नारळ. सुट्टीला आले होते. सोलापूर बघायला! बायको एवढ्या मोठ्या मनाची, तिने होऊन खायला पाठवलं, मग राग गेलाच म्हणायचा. हे ते आमच्या दारात उभं राहून मलाच सांगत होते, वर आभार मानत होते.

वरात बघावी तशी आळी दारादारात उभी. अक्का एकदा टांग्याकडे बघून बाजूला झाली. पाय धुवायला पाणी ठेवलं. त्या मुक्कामात तिने रांधलं, वाढलं, मुलींच्या वेण्या घातल्या. सगळ्यांना किल्ल्याची बाग दाखवली, देवळात नेलं. तळ्याच्या काठावर धाकटीने विचारलं, "समंदर किधर है?" अक्का म्हणाली, "यहाँ नहीं रहता बेटा."

एका संध्याकाळी आमचे हे अक्काच्या घरी ओव्हरसियरांशी गप्पा मारत बसले. विषय हवा म्हणून चिडिया टापूचा सूर्यास्त काढला. ओव्हरसियर म्हणाले, "तिथं मी कधी गेलो नाही बुवा. मला कामातून सवड कुठली? हीच जायची एकटी, तिथं होती तेव्हा." स्वयंपाकघरात पोळपाटावरचं लाटणं थांबलं. मग पुन्हा सुरू झालं.

ते गेले. दुसऱ्या दिवशी नळावर शुकशुकाट नव्हता, पण अक्का आली तशा बायका आपापल्या घागरींत बघायला लागल्या. एका नव्या सुनेने तिला अंदमानचं काही विचारलं, तर अक्का माझ्याकडे बोट करून म्हणाली, "हिला विचार, ही जाऊन आलीया."

त्या दुपारी मी तिच्याकडे गेले. ती ज्वारी निवडत बसली होती. मी बरंच काही बोलले, चुकलं, माफ करा, माझा हेतू चांगला होता वगैरे. तिने सुपातले खडे उचलून बाजूला टाकले आणि म्हणाली,

"त्यांनी पयल्या घासालाच वळखलं व्हतं, ही माजी चटणी न्हाय म्हणून. सोता सांगितलं मला. एवढी वर्सं माज्या हातची चव ध्यानात ठिवली की गं त्यांनी. आन् यायला तुजी चटणी लागली."