सेवा समाप्त

ऑफिसातले सगळे संगणक एका सर्व्हरच्या मुठीत होते. कोणत्या यंत्रावर काय चालवायचं आणि कोणतं यंत्र बंद ठेवायचं, हे तोच ठरवी. पण आता तो म्हातारा झाला होता, आणि त्याच्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमला तिच्या निर्मात्यांनीच वाऱ्यावर सोडलं होतं. त्याचा कारभार नव्या सर्व्हरवर हलवायला हवा, असं संगणक विभागाच्या ताई वर्षभर मोठ्या साहेबांच्या कानीकपाळी ओरडत होत्या. साहेबांचं उत्तर ठरलेलं असे, "चालतोय ना? मग कशाला हात लावता?"

अखेर ते एकदाचे हो म्हणाले. "पण कुणाला पत्ता लागता कामा नये."

ताईंनी सुट्टीच्या दिवशी एकटीने बसून सगळा कारभार हलवला. जे संगणक फारच जुने होते ते नव्या सर्व्हरला झेपणार नव्हते. त्यांच्या पडद्यावर सूचना झळकावी आणि ते कुलूपबंद व्हावेत, अशी सोय त्यांनी केली. सूचना त्यांनी स्वतः लिहिली. यंत्र झालं म्हणून काय झालं, निरोप देताना चार बरे शब्द बोलावेत, असं त्यांना वाटलं. "आपली सेवा आज समाप्त होत आहे. इतकी वर्षं दिलेल्या साथीबद्दल आभार. दुपारपर्यंत संगणक विभागात जमा व्हावे."

या हलवाहलवीत यंत्रांच्या खरेदीच्या तारखा मात्र मागेच राहिल्या. नव्या सर्व्हरला एकाही संगणकाचं वय कळेना, तेव्हा त्याने सगळ्यांनाच म्हातारं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंनी पर्स टेबलावर ठेवली, तोच हिशेबनीस दारात उभे राहिले. एका हातात डबा, दुसऱ्या हातात खुर्चीवरची उशी.

"जमा व्हायला आलोय, ताई."

"काय जमा करायचंय?"

"मला," हिशेबनीस म्हणाले. "काही चुकलंमाकलं असेल तर पोटात घाला."

ताई काही बोलणार, तोवर हिशेबनीसांच्या मागे भांडारवाल्या बाई आल्या. त्यांच्या कडेवर पानं गळलेली कुंडी होती. "ही माझी स्वतःची आहे हं, कंपनीची नाही," त्या डोळे पुसत म्हणाल्या. बघता बघता रांग जिन्यापर्यंत गेली. कुणी आवाज चढवला नाही. मयताला आल्यासारखी माणसं खालच्या आवाजात बोलत होती.

"अहो, ते यंत्रांसाठी होतं!" त्या रांगेला सांगू लागल्या. पहिल्या चौघांना ते पटलं. मागच्यांना वाटलं, बाई मनाने चांगल्या आहेत, धीर देतायत.

तेवढ्यात कळलं, की विक्री विभागाचा प्रमुख आधी साहेबांच्या खोलीत जाऊन आला होता. "इतकी वर्षं तुमच्या विनोदांना हसलो," तो साहेबांना म्हणाला होता, "पण एकाही विनोदाने खरं हसू आलं नव्हतं." आता तो जिन्यात भिंतीला टेकून उभा होता आणि खरा प्रकार ऐकून त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. सर्व्हर मागे फिरवता येतो. हे मागे कसं घ्यायचं?

ताई तारखा भरायला बसल्या. एकेक संगणक मोकळा होत गेला आणि रांग ओसरली. शेवटी एकच माणूस उरला. हातात खोकं घेतलेले मोठे साहेब.

"मालकांनी मला समोर बोलावून सांगायला हवं होतं," ते म्हणाले.

ताईंना आपली नोकरी गेल्याचं डोळ्यांसमोर दिसलं. तरी त्यांनी झालेलं सगळं सांगून टाकलं. साहेबांनी विचारलं, "म्हणजे मी आहे?"

"आहात, साहेब. मी असेन का, ते तुम्ही ठरवायचं."

"तुम्हीपण राहा. विक्रीवालाही राहू दे. निदान खरं बोलला." त्यांनी खोकं खाली ठेवलं. "पण मी घरी फोन करून बसलोय. बायकोला जबर धक्का बसला असेल. चूक तुमची आहे, तुम्हीच सांगा तिला."

ताईंनी फोन लावला, माफी मागितली, सगळं समजावलं.

"असं होय," साहेबांच्या पत्नी म्हणाल्या. "मी आत्ताच कपाटावरची बॅग खाली काढली हो. इतकी वर्षं कुठे म्हणून गेलो नाही." मग त्यांनी आवाज खाली आणला. "ताई, बाकीच्यांचं करा तुम्ही दुरुस्त. यांचं एक तसंच राहू दिलं, तर नाही का चालणार?"

ताईंनी फोन ठेवला. साहेब त्यांच्याकडेच बघत होते.

"रडत होती का?"

"नाही, साहेब," ताई जपून म्हणाल्या. "बॅग भरत होत्या."

साहेब ताईंच्या पडद्याकडे बघत राहिले. तिथे फक्त त्यांचंच नाव अजून कुलूपबंद होतं.

"माझा संगणक उद्या सुरू केलात तरी चालेल," ते म्हणाले, आणि खोकं तिथेच ठेवून जिना उतरू लागले.