बुरशीचा पाहुणचार

नेहासे, म्हणजे इथिओपियातला ऐन पावसाळ्याचा महिना. तारीख अठरा. सकाळी गारा, दुपारी पाऊस, संध्याकाळीही पाऊस. मधे अर्धा तास ऊन पडलं, तेव्हा साऱ्या इमारतीनं एकदम कपडे वाळत घातले आणि ते सगळे एकदमच पुन्हा भिजले.

त्या दिवशी झेरिहून दोन शब्द बोलला. "मी बघतो."

एवढंच बोलला. पण ते जिन्यात, चार शेजाऱ्यांच्या समोर बोलला आणि तिथेच फसला. (घरात हेच दोन शब्द तो गेली अकरा वर्षं रोज बोलत होता आणि त्यातून कधीच काही झालं नव्हतं. जिन्यातली गोष्ट वेगळी असते.)

झेरिहून अदिस अबाबातल्या एका साबण कारखान्यात आवक-जावक कारकून होता. कारखान्याची कर्मचाऱ्यांसाठीची चार मजली इमारत होती, तिच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर तो बायको वुबालेम आणि सात वर्षांची मुलगी सोसिना यांच्याबरोबर राहायचा. सबंध शहराला स्वच्छ करणाऱ्या कारखान्याची ही इमारत, पण तिला कुणी हात लावून जमाना झाला होता. पत्रे गंजलेले, पन्हळी तुंबलेल्या, आणि पावसाळा लागला की भिंतींना घाम फुटायचा. झेरिहूनच्या झोपायच्या खोलीत जूनपासून एक ठिपका होता. तो आधी बटणाएवढा होता, मग बशीएवढा झाला आणि आता खिडकीपासून कपाटापर्यंत हिरवा-काळा पसरला होता. सोसिनाला त्यात उंट दिसायचा. झेरिहूनच्या लग्नातल्या बुटांवर लव आली होती, कोटाच्या कॉलरवर आली होती, आणि वुबालेमच्या पांढऱ्या शालीवर पिठाचे डाग पडावेत तशी उठली होती.

बूट गेले, कोट गेला, त्याचं काही नाही. पण सोसिना खोकायला लागली. दवाखान्यातली डॉक्टरीण म्हणाली, "या हवेत पोरीला ठेवू नका. भिंत कोरडी करा, नाहीतर पोरीला कुठेतरी कोरड्या गावी पाठवा."

कोरडं गाव म्हणजे अडामा, आणि अडामात झेरिहूनच्या सासूबाई. त्यांनी फोनवर एका दमात सगळं ठरवूनही टाकलं. "पाठवा तिला माझ्याकडे. इथल्याच शाळेत घालते. तुमच्या त्या साबणाच्या डब्यात माझी नात कुजायला नको."

फोन ठेवल्यावर वुबालेमनं सोसिनाला जवळ ओढलं. मग म्हणाली, "माझी पोर माझ्याजवळच राहील. भिंत कोरडी कर, झेरिहून. कशीही कर."

म्हणून झेरिहून जिन्यात म्हणाला, मी बघतो. आणि खरंच त्यानं बघितलं. कारखान्याच्या आरोग्य आणि सुरक्षा विभागात नवीन इंजिनियर बाई आल्या होत्या, हिरुत नावाच्या. त्यांच्या टेबलासमोर तो तीन दिवस उभा राहिला. चौथ्या दिवशी त्या म्हणाल्या, "शनिवारी दुपारी येते. हवा तपासायचं यंत्रही आणते. बुरशी दिसली आणि हवा खराब निघाली, तर मी दुरुस्ती मंजूर करून घेईन. दिसली पाहिजे मात्र."

"दिसेल, बाई!" झेरिहून म्हणाला. "आंधळ्यालाही दिसेल!"

घरी येऊन त्यानं ही बातमी सांगितली. वुबालेमनं हात कपाळाला लावला.

"शनिवारी? म्हणजे परवा? घरात कॉफीचे दाणे नाहीत!"

"कॉफी कशाला? ती बाई भिंत बघायला येतेय."

"मग? भिंत बघायला येणारा माणूस पाहुणा नसतो?"

"वुबालेम, तिनं घाण बघायची आहे. घाणच बघायला येतेय ती."

"बघू दे की. मी कुठे नाही म्हणते?" वुबालेम म्हणाली. "पण बघताना ती घाण असायलाच पाहिजे का?"

याचं उत्तर झेरिहूनला नंतर सुचलं. (नंतर सुचलं. पण तेव्हा वुबालेम बाजारात गेली होती.)

शनिवारी दुपारी तो इंजिनियर बाईंना आणायला फाटकापर्यंत गेला. तिथे तो छत्री धरून तासभर उभा राहिला, तेव्हा कुठे बाई आल्या. तेवढ्या वेळात वर काय झालं ते त्याला जिना चढतानाच कळायला हवं होतं. पहिल्या मजल्यावर नाकात ब्लीचिंगचा वास गेला. दुसऱ्या मजल्यावर फिनेल. तिसऱ्यावर राहणारे निवृत्त कॅप्टन काब्तामू, ज्यांना सगळे आदरानं 'गाशे' म्हणायचे, ते दारात कडक इस्त्रीच्या शर्टात सावधान उभे होते आणि त्यांच्या मागची भिंत नुकत्याच दिलेल्या रंगानं चमकत होती.

"गाशे, हे काय?" झेरिहून कुजबुजला.

"तपासणी आहे ना?" कॅप्टन म्हणाले. "तीस वर्षांत एकाही तपासणीत माझी खोली घाण सापडली नाही. आज सापडणार होती होय?"

झेरिहून बाईंच्या पुढे दोन-दोन पायऱ्या चढत सुटला. त्यानं स्वतःच्या घराचं दार उघडलं.

जमिनीवर ताजं हिरवं गवत पसरलेलं, मानाच्या पाहुण्यासाठी पसरतात तसं. खिडक्या उघड्या. मधोमध छोट्या स्टुलावर वुबालेम, पांढऱ्याशुभ्र पोशाखात, निखाऱ्यावर कॉफीचे दाणे भाजत बसलेली. शेजारी धुपाटण्यातून धुपाचा असा लोट उठत होता की देवळात चुकून शिरल्यासारखं वाटावं. आणि झोपायची खोली? तिथली भिंत पांढरी होती. नुसती पांढरी नव्हे, तिच्याकडे बघताना डोळे बारीक करावे लागत होते. शेजारच्या तिघीजणींनी मिळून ती बेरेकिनानं घासली होती. (बेरेकिना म्हणजे कपड्यांना घालायचं ते झणझणीत पाणी. झेरिहूनला कारखान्यातून सवलतीत मिळायचं. त्या दिवशी त्याला त्या सवलतीचा पश्चात्ताप झाला.)

"उंट कुठे गेला?" सोसिनानं विचारलं.

"बुरशी कुठे आहे?" इंजिनियर बाईंनी विचारलं.

"इथे होती," झेरिहून भिंतीला हात लावून म्हणाला. "देवाशप्पथ, इथेच होती. मघाशी जाताना मी बघून गेलो होतो."

इंजिनियर बाईंनी पिशवीतून छोटं यंत्र काढलं आणि बटण दाबलं. यंत्र लाल होऊन किंचाळायला लागलं.

"बघा! बघा!" झेरिहून आनंदानं उडाला. "हवा खराब आहे! मी म्हणत नव्हतो?"

बाईंनी यंत्र धुपाटण्याजवळ नेलं. ते आणखी जोरात किंचाळलं. मग दाणे भाजायच्या तव्याजवळ नेलं, तेव्हा त्याचा आवाजच बसला.

"अतो झेरिहून," त्या 'श्रीयुत' लावावं तसं अदबीनं म्हणाल्या, "ही खराब हवा तुमच्या घराची नाही, तुमच्या पाहुणचाराची आहे."

"बसा ना बाई," वुबालेम म्हणाली. "पहिली कॉफी झालीच."

आता कॉफी पहिली घेतली की दुसरी घ्यावी लागते आणि तिसरी न घेता उठणं म्हणजे घराचा आशीर्वाद लाथाडणं. इंजिनियर झाल्या तरी बाई इथल्याच. त्या तिन्ही कप प्यायल्या, वाटीभर भाजलेले सातू खाल्ले, सोसिनाच्या वेण्यांचं कौतुक केलं. उठताना म्हणाल्या, "ताई, इतकं छान घर मी या वसाहतीत पाहिलं नाही. माझं स्वतःचं घर याहून वाईट आहे. खरं तर तक्रार मीच तुमच्याकडे करायला हवी."

झेरिहून जिन्यात त्यांच्या मागे धावला. हात जोडले, मुलीचं सांगितलं, सासूबाईंचंही सांगितलं. बाई थांबल्या.

"दहा दिवसांनी, मंगळवारी परत येते," त्या म्हणाल्या. "पण हे शेवटचं. आणि कृपा करून स्वच्छ करू नका."

घरी आल्यावर झेरिहून खूप काही बोलणार होता. पण वुबालेम रडत होती.

"मला काय माहीत?" ती म्हणाली. "घरी बाई येणार आणि मी तिला ती भिंत दाखवायची? माझी आई काय म्हणेल?"

"तुझी आई म्हणेल, पोरीला पाठवा."

वुबालेमनं डोळे पुसले आणि बाह्या वर केल्या. "उगवू आपण परत," ती म्हणाली.

सोसिनाची गादी त्या दिवसापासून बाहेरच्या खोलीत गेली, आईजवळ. झोपायच्या खोलीत झेरिहून एकटाच राहिला, कारण भिंतीवर कुणीतरी लक्ष ठेवायला हवं होतं. खिडकी बंद. फटींत चिंध्या. खोलीभर ओले कपडे, त्यात शेजाऱ्यांचेही. कॅप्टनसाहेब रोज येऊन पाहणी करायचे.

"काय प्रगती?" त्यांनी दुसऱ्याच दिवशी विचारलं.

"काही नाही, गाशे. तुळतुळीत आहे."

"बेरेकिना किती वापरलं होतं?"

"सगळं."

"मग ती जमीन नापीक झाली," कॅप्टन गंभीरपणे म्हणाले. "तिथे बियाणं टाकावं लागेल."

बियाण्याची कल्पना वुबालेमला पटली. इंजेरा म्हणजे इथली रोजची आंबोळी, तेफ नावाच्या धान्याची; ती आंबवणाऱ्या बाईला हे सांगावं लागत नाही. तेफच्या पिठात मागच्या खेपेचं पिवळं आंबट पाणी, एर्शो, घातल्याशिवाय पीठ वर येत नाही. मग भिंत तरी कशी येईल? शिवाय पावसाळ्यात इंजेरा चार दिवस ठेवली की तिला आपोआप दाढी फुटतेच. घरात सहा दिवसांच्या चार इंजेरा उरल्या होत्या, त्या तिनं झेरिहूनच्या हातात दिल्या, आणि वर वाडगाभर एर्शो.

"हे लाव."

"भिंतीला?"

"नाही, तुझ्या तोंडाला. भिंतीलाच!"

झेरिहूननं ब्रश घेतला. एका बाजूनं एर्शोचा हात, वरून दाढीवाल्या इंजेराची मालिश, असं तो रोज सकाळ-संध्याकाळ करू लागला. शेजारीही मागे राहिले नाहीत. कुणी आपली बुरसटलेली चप्पल आणून दिली, कुणी उशी. तिसऱ्या दिवशी भिंतीवर पांढरी लव दिसली आणि सबंध मजला बघायला जमला. पाचव्या दिवशी ती हिरवी झाली. आठव्या दिवशी वासानं खालच्या मजल्यावरचं मांजर घर सोडून गेलं. झेरिहून त्या भिंतीपासून दोन हातांवर झोपायचा. त्याला जरा घशात खवखव वाटत होती, पण भिंत इतकी सुंदर पिकली होती की तिकडे लक्ष द्यायला त्याला सवड नव्हती.

मंगळवारी इंजिनियर बाई आल्या. वुबालेमनं स्वतःचे दोन्ही हात शालीत बांधून घेतले होते, न जाणो फडक्याकडे गेले तर. धूप नाही, गवत नाही. कॉफी मात्र शेजारणीच्या घरी तयार होती. (त्यावर वुबालेमनं तडजोड केली नव्हती.)

बाई भिंतीजवळ गेल्या. बघितलं. नाक पुढे नेलं, वास घेतला. मग त्यांनी बोटानं थोडं खरवडलं आणि बोट डोळ्यांजवळ धरलं.

"हे तेफ आहे," त्या म्हणाल्या.

वुबालेमनं बांधलेले हात शालीसकट पोटाशी घेतले.

"अतो झेरिहून, तुमच्या भिंतीला इंजेरा लागलीय."

झेरिहूननं उत्तर देण्यासाठी तोंड उघडलं आणि त्याऐवजी खोकला आला. साधासुधा नव्हे. पायाच्या अंगठ्यापासून निघालेला, खिडकीच्या काचा हलवणारा. एक झाला, दुसरा आला, दुसऱ्याच्या पोटातून तिसरा. डोळ्यांपुढे अंधारी आली तसा त्यानं आधारासाठी भिंतीवर हात टेकला, आणि हात कोपरापर्यंत आत गेला.

आठवडाभर एर्शो पिऊन गिलावा लापशी झाला होता. एक मोठी खपली धप्पदिशी खाली आली. आत विटा काळ्या ठिक्कर होत्या, त्यांच्यामधून छतावरचं पाणी खाली नेणारा लोखंडी पाइप गेला होता, आणि तो मधोमध फुटला होता. त्यातून पाण्याची धार झेरिहूनच्या बाहीत शिरत होती.

बटण दाबताच यंत्र किंचाळायला लागलं. या वेळी बाईंनी ते कुठेही नेलं नाही.

"किती वर्षं गळतोय हा?" त्या हळूच म्हणाल्या. "या ओलीपुढे कुणाचाच धूप चालला नसता." मग त्या वळल्या. "मुलगी कुठे आहे?"

सोसिना जिन्यात दोरीवरच्या उड्या मारत होती. बाईंनी तिला जवळ बोलावलं, पाठीला कान लावला, दीर्घ श्वास घ्यायला लावला. बाहेरच्या खोलीत झोपायला लागल्यापासून ती एकदाही खोकली नव्हती, आणि हे आता पहिल्यांदाच सगळ्यांच्या लक्षात आलं.

"मग तक्रारीतला खोकला कुणाचा?" बाईंनी विचारलं.

"माझा—" झेरिहून म्हणाला, आणि पुढचा शब्द खोकल्यात गेला.

"पाइप बदलायचा, भिंत फोडायची, सुकवायची. महिनाभर लागेल. खोकणाऱ्या माणसानं तेवढे दिवस इथे राहायचं नाही."

वुबालेम आधीच फोनवर होती. "आई, हो, पाठवतेय. उद्याच्या बसनं. नाही, सोसिना नाही… अगं, जावई."



पाइप नव्या वर्षाच्या पहिल्या महिन्यात, मेस्केरेमच्या पाच तारखेला बदलला गेला. त्याच महिन्याच्या सव्वीस तारखेला भिंत सुकली आणि यंत्र गप्प राहिलं. सोसिना अदिसमध्येच शाळेत गेली. झेरिहूननं नवं वर्ष आणि पुढचे दिवस अडामात काढले. सासूबाईंनी नातीसाठी सुताराकडून मुद्दाम नवी खाट करून घेतली होती. तिची लांबी चार फूट होती. झेरिहूनची उंची पाच फूट अकरा इंच.