कुकरावरचा टॉवर

मृणालिनीबाई स्वयंपाकघरात आल्या तेव्हा काशीनाथराव तीन रिकाम्या बाटल्या धुऊन ओट्यावर पालथ्या घालत होते.

"अहो, तिन्ही एकात ओतल्यात?"

"तिन्हीत गुलाबपाणीच वाटलं. उगाच जागा अडत होती."

एकीत व्हिनेगर होतं, दुसरीत निलगिरीचं तेल आणि तिसरीत बाईंच्या आईने जाण्यापूर्वी दिलेलं वाळ्याचं अत्तर. वासावरून कळायला हवं होतं. पण काशीनाथरावांचं नाक केमिकल कंपनीत कधीच निवृत्त झालं होतं.  बाई हॉलमध्ये जाऊन गवार मोडत बसल्या. ते गवार मोडणं काशीनाथरावांना फार लागलं.

२००४ साली कंपनी बंद पडली आणि ते बेव्हर्ली पार्कच्या फ्लॅटमध्ये कायमचे घरी आले. तोवर त्यांचं सारं आयुष्य कंपनीच्या डिस्टिलेशन टॉवरवर गेलं होतं. मिसळलेले द्रव खालून तापवायचे. लवकर उकळेल ते वर चढतं, जड असेल ते तळाशी राहतं. मग एकेक वेगळं काढायचं. ही बाटलीही तशीच वेगळी करायची ठरवून त्यांनी जवळच्या गोडदेव गावात काळूरामला फोन लावला. दोघांनी वर्षानुवर्षं एकच टॉवर सांभाळला होता. काळूराम येताना कोळणीकडून बर्फ घेऊनच आला.

गॅसवर मांडलेला कुकर बघून तो म्हणाला, "काशी, ह्यो कुकर हाय. टॉवर कुठं हाय? नुसती वाफ काढलीस तर समदं एकत्रच येल."

मग हॉलमधल्या पडद्याचा पोकळ रॉड निघाला. पडदा बाईंच्या अंगावर पडला. त्यांनी तो बाजूला केला आणि गवार मोडत राहिल्या. रॉडमध्ये भांडी घासायच्या तारेच्या घासण्या कोंबल्या, तो कुकरच्या शिटीच्या जागी कणकेने बसवला, वरून रबरी नळी काढून बर्फाच्या बादलीतून फिरवली. बाटलीतलं मिश्रण पाणी घालून कुकरात ओतलं आणि गॅस पेटवला. नळीतून वाटीत पहिला थेंब पडला तेव्हा दोघं म्हातारे एकमेकांकडे बघून हसले.

निलगिरीचा वास जिन्यात पोचला. शेजारच्या हंसाबेननी आपल्या मुलाला, म्हणजे सोसायटीच्या सेक्रेटरीला, पाठवलं.

धर्मेश दारातूनच म्हणाला, "अंकल, कंप्लेंट आलीय. तुम्ही घरात दारू काढताय असं लोक बोलतायत."

"दारू कसली? घे, वास घे."

धर्मेशला सर्दी होती. त्याने वाटीवर नाक धरलं, डोळ्यांत पाणी आलं आणि बंद नाक मोकळं झालं. "थोडं मम्मीच्या गुडघ्याला मिळेल काय?" तो वाटी घेऊन गेला. थोड्याच वेळात तिसऱ्या मजल्यावरून आणखी दोन वाट्या आल्या.

निलगिरी संपली, व्हिनेगर येऊ लागलं. आता तळाच्या अत्तराची वाट बघायची होती. काशीनाथराव म्हणाले, "आठवतं? टॉवरच्या माथ्यावर चहा प्यायचो. पार खाडीपर्यंत मिठागरं दिसायची."

"माज्या बापाचं बी दिसायचं. पांढरंशुभ्र."

"कुठे होतं रे ते नक्की?"

काळूरामने खिडकीतून खाली बघितलं. "हितंच. तुज्या बिल्डिंगीखाली."

दोघंही बराच वेळ खाली बघत राहिले. मागे कुकर कोरडा पडला, कणीक करपली, नळी वितळायला लागली. धूर हॉलमध्ये गेला तेव्हा मृणालिनीबाई उठून आत आल्या.

काशीनाथरावांनी नळीखालची शेवटची बाटली त्यांच्यापुढे धरली. तळाला काहीतरी गढूळ होतं. "बघ, उतरलंय का."

बाईंनी हुंगलं. पुन्हा हुंगलं.

"हे अत्तर नाही."

"मग टाकून देतो."

"थांबा. तुम्ही कामावरून यायचात तेव्हा शर्टाला अगदी असाच वास यायचा. मी तो शर्ट नाक दाबून वेगळ्या बादलीत भिजवायचे." त्यांनी बाटलीत बोट बुडवलं, एक थेंब मनगटाला चोळला, आणि "भावोजी, जेवूनच जा" असं काळूरामला बजावून हंसाबेनकडे कुकर मागायला गेल्या.