मचाण राखणारं जॅकेट

हार्लन स्टेन्झेल गेल्या नोव्हेंबरात हरणांच्या मोसमाच्या पहिल्याच दिवशी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी मचाणावरून खाली उतरला. ही गोष्ट त्याची बायको लव्हॉन, मेहुणा ड्यूई, चर्चमधले निम्मे लोक आणि पेट्रोल पंपावरची बाई एवढ्यांना ठाऊक होती. कारण साधं होतं. त्याला थंडी वाजली.

थंडी वाजणं हा उत्तर विस्कॉन्सिनमध्ये गुन्हा नाही, पण हार्लनच्या सासऱ्यांनी शिकारीच्या झोपडीतल्या कपाटाच्या दारावर सुतारी पेन्सिलीने काही नियम लिहून ठेवले होते. सासरे वारले, दार राहिलं. पहिला नियम असा: ‘पहिल्या दिवशी अंधार पडेपर्यंत बसेल त्याचं मचाण त्याच्याकडे. लागोपाठ दोन वर्षं आधी उतरला, तर दुसऱ्याला.’ दलदलीच्या वळणावरचं, सगळ्यात चांगलं मचाण अकरा वर्षं हार्लनकडे होतं. दुसरा म्हणजे ड्यूई.

“या वर्षी किती वाजता उतरणार, ते आधीच सांगून ठेव,” ड्यूई फोनवर म्हणाला. “म्हणजे मी दहाचा डबा बांधायचा की अकराचा, ते ठरवतो.”

हार्लनने फोन ठेवला आणि तो जॅकेट घ्यायला गेला.

दुकानात केशरी कपड्यांच्या रांगेत त्याच्यासारखे पाच पुरुष आधीच उभे होते. प्रत्येक जण एकेक बाही कानाशी धरून चोळत होता. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. जॅकेट ऊबदार हवं हे खरं, पण बंदूक उचलताना ते वाजलं तर हरीण पुढच्या तालुक्यात पोचतं. काउंटरवरची बर्नाडीन हे दृश्य सव्वीस वर्षं बघत होती. ती स्वतः दर वर्षी एक हरीण मारायची आणि त्याबद्दल बोलायची नाही.

हार्लनने सगळ्यात जाड जॅकेट घरी नेलं. गॅरेजसमोर शिडी लावली, वर चढून बसला आणि लव्हॉनला स्वयंपाकघराच्या उघड्या खिडकीत उभं केलं. तिने हरीण व्हायचं होतं. त्याने हळूच हात उचलला.

“ऐकू आलं!”

“एवढ्यात?”

“वेफर्सचं पाकीट फोडल्यासारखं ऐकू आलं. आणि माझं घर थंड होतंय.”

जॅकेट परत गेलं. दुसरं मऊ लोकरी कापडाचं होतं.

“ऐकू आलं!”

“अगं, मी हललोसुद्धा नाही!”

“मग तुझं नाक असेल ते. झोपेतही असंच वाजतं.”

दुसरंही परत गेलं, कारण वाऱ्यात ते चाळणीसारखं निघालं. तिसरं जॅकेट बर्नाडीनने मागच्या खोलीतून आणलं. आत जाड भरण, बाहेर सशाच्या कातडीसारखं गुळगुळीत, गप्प कापड.

“याच्या आत फक्त गरम बनियन घाल,” ती म्हणाली. “सदरा घातलास तर उकडून मरशील.”

लव्हॉन खिडकीत वीस मिनिटं उभी राहिली. काही ऐकू आलं नाही. शेवटी ती कोट चढवून बाहेर गेली. हार्लन शिडीवर होता, हनुवटी छातीला टेकलेली, डोळे मिटलेले.

“झोपलास?”

“लक्ष केंद्रित करतोय,” हार्लन डोळे न उघडता म्हणाला.

मग वासाचा प्रश्न आला. जॅकेट बिनवासाच्या साबणाने धुतलं गेलं, फर झाडाच्या फांद्यांमध्ये अंगणात टांगलं गेलं, आणि घरात आठ दिवस बेकन तळायला बंदी आली.

“एकतीस वर्षं मी तुझा वास सहन करतेय,” लव्हॉन म्हणाली. “हरणाला दोन मिनिटं जमत नाही?” निघताना तिने सदरा पुढे केला. “हा घाल आत.”

“बर्नाडीन नको म्हणाली.”

“बर्नाडीन तुझ्याबरोबर झोपडीत येणार नाही. तिथे काय होईल सांगता येत नाही.”

सदरा घरी राहिला.

शनिवारी पहाटे पारा शून्याला टेकला होता. हार्लन सहाला मचाणावर चढला, पट्ट्याने स्वतःला झाडाला बांधून घेतलं, सफरचंद शेजारी ठेवलं. दहा वाजून पाच मिनिटं झाली तेव्हा त्याने मुद्दाम घड्याळात पाहिलं. थंडीचा मागमूस नव्हता. दुपारी बर्फ पडलं आणि तीनच्या सुमारास थांबलं. अंधार पडल्यावर ड्यूई विजेरी घेऊन आला, तेव्हा हार्लन वरच होता.

“बसलो बरं का!” हार्लन वरून म्हणाला. “अंधार पडेपर्यंत!”

ड्यूई खाली वाकून झाडाभोवती फिरत होता. तीनदा फिरला. मग त्याने विजेरी वर मारली. हार्लनच्या टोपीवर तीन बोटं बर्फ होतं. मांडीवरही होतं. बंदुकीवर तर सरळ पट्टी मारल्यासारखं होतं.

“हार्लन,” तो म्हणाला, “खाली ये. एल्मरकाकांना बोलवावं लागेल.”

एल्मरकाका चौऱ्याऐंशी वर्षांचे. ते आता शिकार करत नसत, फक्त निकाल देत. ते विजेरीच्या उजेडात सावकाश बर्फ वाचत गेले. मोठा नर दलदलीतून आला होता. शिडीच्या पायाशी झाडाला शिंगं घासली होती, साल निघाली होती. खाली पडलेलं सफरचंद खाल्लं होतं. मग पंधरा पावलांवर बर्फ वितळून लंबगोल खड्डा पडला होता.

“इथे तो बसला,” काका म्हणाले. “तासभर तरी.” त्यांनी वर मचाणाकडे पाहिलं. “दोघांनी मिळून झोप काढलीत.”

झोपडीत राजमा-खिम्याची चिली गरम करून झाल्यावर कपाटाचं दार उघडण्यात आलं. हार्लनने पहिल्या नियमावर बोट ठेवलं. “अंधार पडेपर्यंत ‘बसेल’ असं लिहिलंय. ‘जागा राहील’ असं कुठे आहे?”

“अरे, झोपलेली कोंबडीही बसलेलीच असते मग!” ड्यूई ओरडला.

काकांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. “मचाण हार्लनचं,” ते म्हणाले. ड्यूईचा चेहरा पडला. “पण दुसरा नियमही वाचा.”

दुसरा नियम असा: ‘हरीण टप्प्यात येऊन हातचं गेलं, तर सदऱ्याची शेपूट, म्हणजे मागचा लोंबता भाग, कापून भिंतीला ठोकावी.’ भिंतीवर अशा चौतीस शेपट्या होत्या. त्यांत काकांच्या सहा.

“काढ जॅकेट,” ड्यूई कात्री शोधत म्हणाला.

हार्लनने जॅकेट काढलं. आत नुसतं बनियन होतं, तेही खालच्या विजारीला जोडून शिवलेलं, कापायला शेपूटच नाही.

“सदरा कुठाय?”

“घरी.”

सगळे काकांकडे बघू लागले. काका बराच वेळ चमचा चाटत होते. मग त्यांनी बोटाने खुंटीवरच्या जॅकेटकडे दाखवलं.

ड्यूईने पाठीमागून चांगली वीतभर शेपूट कापली. पांढरं भरण टेबलावर, चिलीत आणि एल्मरकाकांच्या भुवयांवर उडालं. पस्तिसावी शेपूट भिंतीवर इतरांपेक्षा बरीच जाड दिसत होती.

रविवारी सकाळी हार्लन त्याच जॅकेटात मचाणावर बसला. छाती गरम होती, हात गरम होते, आणि कमरेच्या वर मागून वारा असा घुसत होता, की डोळा लागणं शक्यच नव्हतं. सव्वानऊला तोच नर सफरचंद शोधत आला. हार्लनने गप्प बाहीने बंदूक उचलली. एकच बार झाला.

“जॅकेट चांगलं आहे,” एवढंच तो झोपडीत म्हणाला.

सोमवारी दुपारी ड्यूई दुकानात शिरला. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “हार्लनने नेलं तसलंच एक दे. आणि... मागून जरा...”

“वीतभर ना?” बर्नाडीनने विचारलं.

कात्री काउंटरवरच ठेवलेली होती. सकाळपासूनचं ते तिसरं गिऱ्हाईक होतं.