शांततेसाठी! पण आधी तुम्ही

व्हायोलिनच्या पेटीत खोकल्याच्या गोळ्या.

उलटा टांगलेला फलक : ‘युद्ध नको!’

मेहुणीचा फोन, मदतछावणीतून. “भाऊजी, इथे पोरं रात्रभर कुडकुडतायत. ट्रक आज निघालाच पाहिजे हं!”

“मी पहिली? मी काय लोकांच्या खुर्च्या गरम करायला आलेय?”

थांबा. नीट सांगतो.

बँकेत टोकन वाटून मी रोज शेकडो माणसं रांगेला लावतो. तीन कलाकारांचा क्रम लावणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ! युद्धाविरुद्ध गाण्यांचा कार्यक्रम. तिकीट म्हणून प्रत्येकाने एक ब्लँकेट आणायचं. कार्यक्रम संपला की ब्लँकेटं ट्रकमध्ये आणि ट्रक छावणीकडे! स्टेजसमोर ढीग लागला. हॉल खचाखच भरला. फक्त गाणं सुरू व्हायचं बाकी.

तेच होईना!

आमच्या कलावंतांचा अलिखित नियम : आधी वाजवतो तो कच्चा, शेवटी वाजवतो तो पोचलेला.

“मास्तर, तुम्ही सुरुवात करता?” मी व्हायोलिन मास्तरांना विचारलं.

“माझे विद्यार्थीसुद्धा आता पहिले वाजवत नाहीत.”

ड्रमवाल्याला सगळे धडाका म्हणतात. तो माझ्या कानाला लागला. “दादा, मी शेवटी आहे असं सासऱ्यांना सांगून बसलोय! ते बघा, पहिल्या रांगेत!”

उरली गायिका, म्हणजे माझी सख्खी मावशी. खुर्च्यांचं वाक्य तिचंच.

“मावशी, अगं युद्धाविरुद्ध कार्यक्रम आहे!”

“मग मला भडकवू नकोस!”

प्रेक्षक टाळ्या पिटायला लागले. त्या कौतुकाच्या नव्हत्या. “गाणं नाही तर ब्लँकेट परत!” कोणीतरी ओरडलं. एका आजोबांनी उठून ढिगाच्या तळातून आपलं ब्लँकेट ओढलं. ढीग आजोबांवर! दारातून ट्रकवाला म्हणाला, “साहेब, छावणीच्या वाटेवरचा नाका बंद झाला तर मी नाही जाणार. आधीच सांगतो.”

माझं डोकं तेव्हा चाललं. चालायला नको होतं.

“तिघं एकदमच सुरू करा! एकच गाणं! आधी मृतांसाठी दोन मिनिटं शांतता, मग सगळे मिळून.”

तिघांनी माना डोलावल्या. हॉल उभा राहिला. सगळ्यांनी डोळे मिटले.

दोन मिनिटं झाली. मी विंगेतून हात केला. मावशीने मास्तरांकडे पाहिलं, मास्तरांनी धडाक्याकडे, धडाक्याने सासऱ्यांकडे.

“आपण घ्या ना,” मास्तर कुजबुजले.

“छे, छे! तुमच्यापुढे मी कोण?” मावशीच्या आवाजात नुसता मध. ती अशी गोड बोलली की घरातली भांडी लपवायची असतात.

कोणीच सुरू करेना! दोन मिनिटं संपली म्हणून सांगावं, तर माईक मावशीच्या मुठीत. शांतता वाढतच चालली. मागे एक बाई हुंदके द्यायला लागल्या. आजोबांनी डोळे मिटूनच आपलं ब्लँकेट ढिगावर परत ठेवलं.

मी ट्रकवाल्याला खूण केली. उचला!

तो आणि त्याचा जोडीदार मांजराच्या पावलांनी ढीग बाहेर नेऊ लागले. दिसेल ते ब्लँकेट उचललं. शेवटचं गाडीत पडलं, ट्रक मागे घेतला आणि ट्रकवाल्याने कचकन हॉर्न मारला!

झालं! सुरुवात हॉर्नने केली, म्हणजे कच्चा तो! तिघं त्याच क्षणी तुटून पडले. मावशीने सूर लावला, मास्तरांनी गज ओढला, धडाक्याने मोठ्या ड्रमवर पाय मारला.

धडाम्!!

तोफच! पहिली रांग खुर्च्यांखाली. सासरे सगळ्यात आधी.

आवाज दबावा म्हणून मोठ्या ड्रमच्या पोटात ब्लँकेट कोंबलेलं असतं, हे मला कुठे माहीत? ट्रकवाल्यालाही नव्हतं. त्याने ड्रमच्या पुढच्या भोकातून तेही ओढून नेलं होतं!

मेहुणीचा निरोप आला : सगळं पोचलं. एका ब्लँकेटवर ‘धडाका, हात लावू नये’ लिहिलंय, त्याच्याखाली तीन पोरं झोपलीयत.

मावशी अजून माझ्याशी बोलत नाही. मास्तर बोलतात, पण आधी मी बोललो तर.

कार्यक्रमाच्याच दिवशी सकाळी रिकाम्या हॉलमध्ये तालीम झाली होती. पहिला सूर मावशीनेच लावला होता, कोणी न सांगता.