चिटणिसांचे कुशल आणि हिराऊची विचारपूस

ज्याने देह दिला आणि त्या देहात नांदावयास मन दिले, त्या जगदीश्वराचे उपकार आधी स्मरून ही हकीकत लिहिली जाते. शके सोळाशे एकेचाळीस, विकारी नाम संवत्सर, चैत्रमास. त्या साली राज्यात परचक्र नाही, दुष्काळ नाही, आणि तरी धडधाकट माणसे उरावर हात ठेवून बसल्या जागी कोसळू लागली. मग राजवैद्यांनी पेठापेठांत हिंडून शोध केला, तो ऐसे दिसोन आले की ज्यांची छाती दुखली आणि पाठोपाठ मनही खचले, ते औषध घेत नाहीत, हिंडत फिरत नाहीत, आणि वर्षाच्या आत जातात. मग महाराजांची आज्ञा जाहली की पेठेपेठेस एक शहाणी बाई नेमावी, तिने दारोदार जाऊन छाती आणि मन दोहोंची विचारपूस करावी, आणि खचला दिसेल त्यास एकटा सोडू नये. धन्य ती आज्ञा. थोरले पेठेस हिराऊ सुईण नेमिली, तोंडाची फटकळ आणि मायेची.

त्याच पेठेत दरबारचे चिटणीस अंतोजीपंत राहत. गतमाघात त्यांस छातीची कळ येऊन गेली, जीव वाचला, आणि मग चित्त कशातच लागेना. वैद्यांच्या पुड्या उशाखाली साठत, ताट तसेच परत जाई, आणि पंत दिवसभर भिंतीकडे तोंड करून निजत. हिराऊने विचारिले तो म्हणाले, "कुशल आहे." तीस वर्षे प्रत्येक पत्राचे शिरी 'येथील कुशल जाणोन स्वकीय कुशल लिहीत जावे' हे लिहून हात बसलेला, घरात सुतक असो की गडाला वेढा, मायना तोच, आणि आता तो तोंडीही बसला होता. तीन खेपा हिराऊने ऐकून घेतले. चौथे खेपेस पंतांची स्त्री सगुणाबाई यांनी न घेतलेल्या पुड्यांचा ढीग तिजपुढे ठेविला. मग हिराऊ उशाशी बसून बोलिली, "पंत, कुशल कागदावर लिवा. माझ्याम्होरं कागद न्हाई. जगावं वाटतं का न्हाई, तेवढं सांगा."

पंत भिंतीकडून तोंड फिरवून म्हणाले, "नाही वाटत. सकाळ झाली की भीती वाटते, आणखी एक दिवस काढायचा म्हणून." हिराऊ दचकली नाही. म्हणाली, "बरं झालं, बोलला. असं वाटणारी या पेठंत अकरा जणं हायती. आजारी हायती, येडी न्हाईत. उद्या मी येते. पुडी माझ्याम्होरं घ्यायची आन् तळ्यापातुर चालायचं." "आणि न चाललो तर?" "तर मी हितंच बसते. मला कामं लई हायती पंत, तवा माझ्यावर दया करा." मग पंत पहिले दिवशी अंगणापर्यंत चालले, आणि मग देवळापर्यंत, आणि मग त्या अकरांतले चौघे वाटेत सामील होऊन तळ्यापर्यंत जाऊ लागले. ज्येष्ठात सगुणाबाईंनी खारट नको म्हणोन लोणच्याची बरणी वरचे फळीवर नेली, त्यावरून पंत कडाडून भांडले, आणि सगुणाबाई पदराने डोळे पुसू लागल्या, की चार महिन्यांनी नवरा आपणाशी भांडला.

श्रावणात पंत दरबारी रुजू जाहले, तो सतरा किल्ल्यांची जुनी पत्रे समोर आली, सगळ्यांत कुशल, आणि त्यांतील तीन किल्लेदार छातीने गेलेले. मग पंत उठून अर्ज करिते जाहले, "महाराज, हा 'कुशल' शब्द काढावा. याच शब्दाआड मी मरत होतो." महाराज बोलिले, "वडिलांपासूनचा मायना आहे, पंत." "होय महाराज. मीच लिहीत आलो." महाराज हळू म्हणाले, "आमचे भगिनीस पत्र घाला. लिहा की थोरले चिरंजीव निवर्तल्यापासून आम्हांस झोप नाही, कशात गोडी नाही, आणि छाती भरून येते." पंतांनी जैसे सांगितले तैसे लिहिले आणि चोपदारास म्हणाले, "हिराऊस बोलवा."

येणेप्रमाणे घडले. महाराज त्यानंतर चौदा वर्षे जगले आणि पंत एकवीस. लढाया कोणी जिंकिल्या ते इतरांनी लिहिले आहे, येथे कोण कोणामुळे जगले एवढेच लिहिले. हिराऊस पालखीचा मान देऊ केला, तो तिने घेतला नाही, लोकांस चालावयास लावून आपण पालखीत बसावे हे बरे दिसत नाही म्हणोन. आणि दरबारचे चिटणीस अंतोजीपंत त्या सुइणीच्या दारावरून जाताना जन्मभर जोडे हाती घेऊन गेले.